काशाची ताटं: पाडव्यापासून दिवाळीपर्यंत रोजच्या वापरात

गुढीपाडव्याला इंदूरच्या बर्तन बाजारातून सहा माणसांची काशाची ताटं घेतली, प्रत्येकाला दोन वाट्या आणि फुलपात्र. घेतली ती रोजच्या जेवणासाठीच. आता दिवाळीही झाली, तेव्हा खात्रीनं लिहिते.

ताट १२ इंची, तळ सपाट, काठ उभा, जवळपास इंचभर. आमच्या आधीच्या खणांच्या स्टीलच्या ताटात आपलं पान नीट वाढताच येत नसे. कोशिंबिरीचा खण भलामोठा आणि भाताला जागा अपुरी! इथे वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या, मध्ये वरणभाताची मूद. आमटीची वाटीही ताटातच मावते. उजव्या हातानं जेवायचं, म्हणून पोटभरीचं उजवीकडे आणि तोंडी लावायचं डावीकडे. ही मांडणी किती विचाराची आहे ते रोज पान वाढताना जाणवतं.

उभ्या काठाचा खरा उपयोग सासऱ्यांना झाला. त्यांचा हात थरथरतो. आमटीभात काठाशी टेकवून घास घेतात, आता बाहेर शीत सांडत नाही. एवढ्यासाठीसुद्धा मी ही ताटं पुन्हा घेईन.

कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ आणि २२ टक्के. पितळेसारखी कल्हई लागत नाही. पण धातू ठिसूळ. एक वाटी ओट्यावरून फरशीवर पडली ती सरळ तडकली. ताट जड आहे, मुलांना भरलेलं उचलू देत नाही. गरम वरणानं तळ तापतो, मांडीवर घेऊन जेवणाऱ्यांनी जपावं. कढी किंवा टोमॅटोचं सार वाटीत राहिलं की डाग पडतो, म्हणून आंबटाला आम्ही स्टीलची वाटी ठेवतो.

घासायला चिंच आणि राख पुरते. मात्र धुतल्यावर लगेच पुसायला हवं. नर्मदेच्या पाण्याचं फारसं काही नाही, बोरिंगचं पाणी आलं त्या दिवशी पांढरे ठिपके हमखास. महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर सगळी भांडी पुसायला दोघी लागलो.

घेताना टिचकी मारून नाद ऐका. चांगल्या काशाचा बराच वेळ घुमतो. माल वजनावर मिळतो, त्यामुळे पातळ पत्र्याचं ताट स्वस्त पडतं, पण ते टाळा. आणि दोन वाट्या जास्तीच्या घ्या. मागाहून त्याच मापाची मिळवायला मला बरीच दुकानं फिरावी लागली.