ट्रस्टचा चेक की महाडीबीटी? खंड पडल्यानंतर कॉलेजला परतणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. एक मुंबईतल्या एका ट्रस्टचा छापील अर्ज, दुसरी सायबरवाल्याने लिहून दिलेली महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या राज्याच्या पोर्टलच्या, कागदपत्रांची यादी. मुलगी बारावी होऊन दोन वर्षं घरीच आहे. आधी वडिलांचं आजारपण, मग धाकट्या भावाला सांभाळणं. काकू म्हणाल्या, ‘तू दोन्हीकडून गेलायस, तूच सांग.’ त्यांना जे तोंडी सांगितलं ते आता नीट लिहून काढतोय, कारण आमच्या गोवंडीत अशी मुलं-मुली घराघरांत आहेत.

सरकारी म्हणजे मी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबद्दल बोलतोय, अनुसूचित जातींसाठीच्या, अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा असलेल्या. ओबीसी, ईडब्ल्यूएस यांच्या योजनांचे नियम निराळे आहेत.

माझी बारावी २०२० ची. निकाल लागला तेव्हा बाबांची वॉचमनची नोकरी जाऊन तीन महिने झाले होते. मी कुरिअरच्या गोदामात लागलो आणि दोन वर्षं तिथेच राहिलो. २०२२ च्या जूनमध्ये बी.कॉम.च्या मेरिट लिस्टमध्ये नाव आलं. फी साडेसात हजार, भरायला चार दिवस. त्या आठवड्यात घरात दोन हजारही नव्हते.

इथे ट्रस्टला शंभरपैकी शंभर गुण देतो. कमिटीत तीन माणसं होती. त्यांनी बारावीची मार्कशीट, रेशन कार्ड, लाइट बिल पाहिलं आणि शाळा का सुटली होती ते विचारलं. बाबांचं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या नावाचा चेक माझ्या हातात होता. तो चेक नसता तर मी गोदामातच असतो, हे मी कधीही नाकारणार नाही.

आणखी एका बाबतीत ट्रस्ट सरस आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सरलेल्या आर्थिक वर्षाचा असतो. कमावता माणूस गेल्या महिन्यात अंथरुणाला खिळला असेल, तर दाखल्यावर तो अजून कमावताच दिसतो. ट्रस्टवाले आजची परिस्थिती बघतात. ज्यांच्या घरावर संकट नुकतंच कोसळलंय आणि मागच्या वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर होतं, त्यांनी यापुढचं वाचलं नाही तरी चालेल. त्यांनी ट्रस्टकडेच जावं.

बाकीच्यांनी मात्र पुढचं वाचा.

ट्रस्टच्या अर्जात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दोन अटी होत्या. एक, दुसरीकडून शिष्यवृत्ती घेणार नाही असं हमीपत्र. दोन, मदत एका वर्षाची, पुढच्या वर्षी नव्याने अर्ज आणि सोबत सर्व विषयांत उत्तीर्ण असल्याची गुणपत्रिका. घाईत मी सही केली. तेव्हा दुसरं काही सुचणंही शक्य नव्हतं.

दोन वर्षं पार्सलांवर स्टिकर चिकटवलेला मुलगा पहिल्या सेमिस्टरला मॅथ्स-स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात बसतो तेव्हा काय होतं ते बाहेरून कळत नाही. बाकीची मुलं सरळ बारावीतून आलेली. मला साधी टक्केवारी मांडायलाही वेळ लागत होता. शिवाय सुट्टीच्या दिवशी गोदाम चालूच होतं. निकाल लागला आणि त्या एका विषयात एटीकेटी, म्हणजे नापास, पण वर्ष वाया जात नाही. कॉलेजच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट नाही. दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, विषय पुन्हा देता येतो. मी तो पुढच्याच वेळी सोडवलाही. पण जून २०२३ मध्ये ट्रस्टच्या खिडकीवर माझी गुणपत्रिका बघून अर्ज परत दिला गेला. कुणी वाईट बोललं नाही. ‘नियम आहे बाळा,’ एवढंच.

मला खरं लागलं ते हे. मदत होती शिक्षण तुटलेल्या मुलांसाठी, आणि अट अशी की तुटल्याची खूण गुणपत्रिकेवर दिसता कामा नये. परतणाऱ्याला पहिल्या वर्षी एटीकेटी लागणं मला अपवाद वाटत नाही. माझ्या ओळखीत असे पाच जण परत कॉलेजला गेले, त्यांतल्या चौघांना लागली. पाच जणांवरून सगळ्यांचं सांगता येत नाही, मान्य. सगळेच ट्रस्ट असे कडक नसतीलही. पण अर्ज घेताना पहिला प्रश्न ‘किती देता’ हा न विचारता ‘एटीकेटी लागली तर काय’ हा विचारा.

सरकारी शिष्यवृत्तीचं नूतनीकरण वरच्या वर्गात गेलात की होतं. हजेरी आणि वर्तणूक हवी, पण एटीकेटी घेऊन का होईना, पुढच्या वर्षाला प्रवेश असला की अर्ज चालतो. दुसऱ्या वर्षी मी नव्याने फॉर्म भरला आणि माझा चालला. तिसऱ्या वर्षी नूतनीकरण केलं, तेही चाललं.

त्रास नाही असं मी म्हणणार नाही. त्रास आहेच आणि तो पैसे उशिरा येण्याचा आहे. फॉर्ममध्ये गॅपचा रकाना आहे, तिथे ‘होय’ केलं की प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. माझं स्कॅन पुसट होतं म्हणून अर्ज एकदा सेंड बॅक झाला, म्हणजे दुरुस्तीसाठी परत आला, ते मला तीन आठवड्यांनी कळलं. कारण कुणी कळवत नाही, रोज लॉगिन करून बघावं लागतं. मग बँक खातं आधारला जोडलेलं होतं, पण सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे कुठल्या खात्यात जायचे त्याची नोंद, दुसऱ्याच जुन्या खात्याला. केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०, आणि माझे दोन्ही वेगवेगळ्या वेळी आले. ऑगस्टमध्ये अर्ज केला, पहिला तुकडा पुढच्या मार्चनंतर. तोवर कॉलेजने जातीचा दाखला, अर्जाची प्रिंट आणि हमीपत्र घेऊन बसू दिलं. प्रत्येक कॉलेज इतकं सरळ वागत नाही, म्हणून प्रवेशाच्या आधीच शिष्यवृत्तीच्या क्लार्कला भेटून ठेवा.

दोन्ही एकदम घेता येत नाहीत का, हे काकूंनीही विचारलं. नाही. ट्रस्टचं हमीपत्र तर आहेच, पण केंद्राच्या योजनेतही दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही. पुस्तकांसाठी एकरकमी मदत ही वेगळी गोष्ट आहे. ट्रस्टकडे मागायचंच असेल तर तेवढंच मागा, आणि पत्रावर ‘शिष्यवृत्ती’ असा शब्द येणार नाही हे बघा.

स्वाधार या दुसऱ्या सरकारी योजनेचे वर्षाला साठ हजार मिळतील का, असंही बरेच जण विचारतात. ती योजना बाहेरगावहून येऊन राहणाऱ्यांसाठी आहे. गोवंडीत घर असलेल्याला नाही.

एक गोष्ट मनात राहून जाते. बाबासाहेबांची बडोद्याची शिष्यवृत्ती १९१७ मध्ये संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मग ते इथे मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवत राहिले, पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेनांची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली १९४४ मध्ये, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तुटलेलं शिक्षण पुन्हा जोडायला काय पडतं हे ज्याला ठाऊक होतं, त्याच्या काळातली ही योजना आहे. तिचा फॉर्म भरताना मला कुणापुढे गयावया करतोय असं वाटलं नाही. ट्रस्टच्या बाकावर बसून वाट बघताना ते वाटलं होतं, माणसं चांगली असूनही.

तेव्हा माझं मत असं. फी चार दिवसांत भरायचीच आहे, कॉलेज थांबायला तयार नाही आणि उसने मिळण्याची सोयच नाही, तर ट्रस्ट घ्या आणि जमल्यास त्याच वर्षापुरता. पण मावशीकडून, बचत गटातून, कुठूनही पहिल्या हप्त्यापुरते उसने मिळत असतील, तर पहिल्या वर्षापासून महाडीबीटीच भरा. पैसे रखडतील, पण तीन वर्षं तुमची साथ सोडणार नाहीत. मी पुन्हा २०२२ मध्ये गेलो तर बचत गटाकडे हात पसरेन.

काकूंच्या बचत गटाच्या ताई पाच हजार द्यायला तयार आहेत. सोमवारी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी त्यांच्यासोबत सेतू केंद्रात जाणार आहे. ट्रस्टचा अर्ज फेकू नका, पिशवीतच राहू द्या, असं त्यांना सांगितलंय.