ऑलिम्पियाडचे जुने पेपर: आठ महिने वापरल्यावर

जूनमध्ये लेक नववीत गेली आणि आम्ही गणित ऑलिम्पियाडचे जुने पेपर घरी सोडवायला घेतले. भारतात ही स्पर्धा मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहतं, त्यांच्या संकेतस्थळावर पेपर फुकट मिळतात. खर्च काय तो झेरॉक्सचा.

पहिला महिना वाया गेला, आणि चूक माझी. प्रश्नांसोबत उत्तरंही छापून हातात दिली होती. दहा मिनिटं डोकं खाजवायचं, पान उलटायचं, "हां, कळलं" म्हणायचं. आठवड्यानं तोच प्रश्न दिला की पाटी कोरी. जुलैपासून उत्तरं माझ्या कपाटात कुलूपबंद आणि आठवड्याला एकच प्रश्न.

एक नमुना सांगते. 1959 साली रोमानियात झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडचा पहिलाच प्रश्न: क ही कुठलीही नैसर्गिक संख्या असो, (21क + 4) / (14क + 3) या अपूर्णांकाला आणखी संक्षिप्त रूप देता येत नाही, हे सिद्ध करा. लेकीनं 1, 2, 3 घालून पाहिलं. 25/17, 46/31, 67/45. "नाहीच जात भाग, झालं सिद्ध!" नाही झालं म्हटल्यावर दोन दिवस रुसवा. तिसऱ्या दिवशी दप्तर खांद्यावर असतानाच म्हणाली, "आई, मसावि!" अंशातून छेद वजा केला की उरतात 7क + 1. त्याची दुप्पट छेदातून काढली की उरतो 1. म्हणजे दोन्ही सहमूळ, 1 सोडून सामाईक विभाजक नाही. भागाकार पद्धतीनं मसावि काढायला ती खालच्या वर्गातच शिकली होती; तो असाही वापरता येतो हे मलाही ठाऊक नव्हतं.

पात्रता फेरीचे पेपर मला तितके रुचले नाहीत. 2023 च्या पेपरात 3 तासांत 30 प्रश्न, उत्तर दोन अंकांत बसणारं. अर्धवट तर्कावरही कधी कधी नेमका आकडा हाती लागतो. विभागीय फेरीत 6 प्रश्न, 3 तास, आणि सगळं सिद्ध करून लिहायचं. खरी फजिती तिथे. लिहिलेलं बरोबर आहे का हे तपासणार कोण? माझं गणित दहावीला सुटलं. शेवटी गल्लीतल्या एका निवृत्त सरांना गाठलं. ते रविवारी वही बघतात आणि समासात फक्त "का?" लिहितात. पहिल्या पानावर असे अकरा होते. असा माणूस मिळणार नसेल तर निदान सिद्धतेचे पेपर घेऊ नका, मूल चुकीचंच पक्कं करत बसेल.

शाळेतले गुण वाढतील म्हणून घेत असाल तर आमच्याकडे सहामाहीला दोन कमीच पडले. एका चार गुणांच्या उदाहरणाला दुसरी रीत शोधत बसली आणि शेवटचा प्रश्न राहिला.

सध्या सरांनी खोडसाळपणे 1988 च्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडचा सहावा प्रश्न दिलाय: अ आणि ब या धन पूर्णांकांसाठी अ² + ब² ला अब + 1 ने पूर्ण भाग जात असेल, तर भागाकार पूर्ण वर्गच येतो हे दाखवा. भल्याभल्यांना घाम फोडणारा म्हणून प्रसिद्ध. तीन आठवडे झाले. 2 आणि 8 घेतले तर 68 भागिले 17, म्हणजे 4. 3 आणि 27 ला 9. सगळ्या जोड्या अशा संख्या आणि तिच्या घनाच्याच असणार, असं ती छातीठोकपणे सांगत होती. काल 8 आणि 30 सापडले, भागाकार 4. जेवायला चार हाका माराव्या लागल्या.