फियाट 1100 डिलाइट (1969): पैसे नेमके कशाचे मोजायचे?

चार वर्षांपूर्वी सांगलीच्या एका डॉक्टरांच्या कुटुंबाकडून मी 1969 ची फियाट 1100 डिलाइट विकत घेतली. तेव्हापासून आमच्या सोसायटीत मला वरचेवर एकच प्रश्न विचारला जातो. एवढ्या पैशांत वातानुकूलित, एअरबॅग असलेली, चार-पाच वर्षे वापरलेली गाडी मिळाली असती. मग हे लोढणे गळ्यात का घेतलेत? प्रश्न रास्त आहे, आणि 'हौसेला मोल नसते' असे म्हणून तो टाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, कारण जुन्या गाडीचे मोल ठरवता येते. मात्र ते बहुतेक वेळा चुकीच्या जागी पाहून ठरवले जाते, आणि मीही पहिल्या दोन गाड्या पाहताना तसेच केले होते.

या गाडीचे कूळ आधी सांगावे लागेल. इटलीच्या फियाट कंपनीने दान्ते जाकोसा यांच्या देखरेखीखाली तयार झालेली 1100/103 ही गाडी 1953 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे ती तयार होऊ लागली. तिच्या पुढच्या नाकाडामुळे मुंबईकरांनी तिचे नाव 'डुक्कर फियाट' ठेवले आणि आज ते नाव हौशी लोक अभिमानाने सांगतात. 1964 मध्ये नव्या, चौकोनी अंगाची 1100 डिलाइट आली. सत्तरच्या दशकात फियाटचे नाव गळून ती काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाली, आणि थोड्याफार फरकाने तेच अंग घेऊन विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विकली गेली. थोडक्यात, ही दुर्मीळ गाडी नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती आपण इतकी पाहिली, की ऑक्टोबर 2023 अखेर वीस वर्षांची मुदत संपून शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरेपर्यंत तिच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते.

त्यानंतर मात्र विक्रीच्या जाहिरातींची भाषा पालटली. 1992 ची, पुट्टी भरलेली, मागच्या काचेवर गणपतीचे स्टिकर असलेली पद्मिनीसुद्धा आता 'व्हिंटेज' म्हणून विकायला येते. इंग्लंडमधल्या जुन्या मोटारींच्या जाणकारांच्या परंपरेत 'व्हिंटेज' हा शब्द 1919 ते 1930 या काळातल्या मोटारींपुरताच वापरला जातो. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ घडणीत मोठे फेरफार न झालेली बिगरव्यावसायिक गाडी व्हिंटेज ठरते. नव्याने अशी नोंदणी करण्याचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे टिकते. तशी नोंदणी केलेली गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला तिला बंदी आहे. मी त्या वाटेला गेलो नाही. माझ्या गाडीची साधी नोंदणी चालू होती आणि दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन, पर्यावरण कर भरून तिचे नूतनीकरण होते. रविवारी सकाळी वाईपर्यंत जाऊन येता आले नाही तर ती गाडी माझ्या दृष्टीने शोकेसमधला चांदीचा तांब्याच झाली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गाडी पाहायला गेलेला माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडतो आणि इंजिन चालू करून कान देतो. मीही तेच केले होते. पण या गाडीत इंजिन ही सर्वांत कमी काळजीची गोष्ट आहे. 1089 सीसीचे, चार सिलिंडरचे, सुमारे चाळीस अश्वशक्तीचे हे यंत्र आपल्याकडे दशकानुदशके बनत राहिल्यामुळे त्याचे रिंग-पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट आजही पुण्याच्या नाना पेठेत विचारणा केली की एक-दोन दिवसांत मिळतात. लेथवर बोअर करून देणारे कारागीर आहेत आणि डोळे मिटून हे इंजिन खोलू शकणारे मिस्त्री अजून हयात आहेत. धूर मारणारे इंजिन हा किंमत पाडून मागण्याचा मुद्दा आहे. तेवढ्यावरून गाडी नाकारण्याचे कारण नाही.

नाकारण्याचे खरे कारण पत्रा. जुन्या जीप किंवा ट्रकप्रमाणे या गाडीला वेगळी चॅसिस, म्हणजे भार पेलणारी खालची चौकट, नसते. तळपत्रा, दारांखालचा उंबरठ्यासारखा पोकळ भाग, चाकांवरच्या कमानी आणि छत हे सगळे एकत्र जोडून जो सांगाडा होतो, तोच गाडीचा भार पेलतो. त्यामुळे उंबरठा गंजला की गाडीचा कणाच खचतो, आणि वरून कितीही चकचकीत रंग दिला तरी मागचे दार उघडल्यावर पुन्हा नीट लागत नाही. दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, तर मालक काहीही सांगोत, तिथून निघावे. किनारपट्टीवरच्या गाड्या या बाबतीत विशेष धोक्याच्या असतात. रत्नागिरीची एक गाडी मी पाहिली होती. तिचे इंजिन घड्याळासारखे चालत होते, मालक सज्जन होते, चहाही उत्तम होता. पण चालकाच्या पायाखालची चटई उचलल्यावर अंगणातली फरशी दिसली.

तपासणी अवघड नाही. मऊ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक दारांच्या खालच्या कडांवर, पुढच्या मडगार्डांच्या मागच्या कोपऱ्यांवर आणि डिकीच्या तळावर फिरवावा. जिथे तो धरत नाही, तिथे रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टी आहे. डिकीतले स्टेपनी टायर बाहेर काढायला सांगावे. विक्रेता त्याला कां-कूं करू लागला की उत्तर मिळालेच असे समजावे. माझ्या गाडीत चालकाच्या बाजूचा उंबरठा आणि डिकीचा एक कोपरा कुजलेला होता. ते मला ठाऊक होते, त्याचे पैसे मी किमतीतून वळते करून घेतले होते, तरीही हिशेब चुकला. पत्रेवाल्याने रंग खरवडल्यावर आतली जोडपट्टीही गेलेली निघाली, आणि गाडीला मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक रक्कम नुसत्या पत्र्यावर खर्च झाली. इंजिनाचे संपूर्ण काम त्याच्या एक तृतीयांशात झाले.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे गाडीत मूळचे किती उरले आहे. डिलाइटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असतो, ज्याला सगळे 'हँड गिअर' म्हणतात. पुढे दोन वेगळ्या खुर्च्या नसून एकच सलग बाक असतो, आणि दारांच्या काचांना त्रिकोणी झडप असते, जी थोडी वळवली की वाऱ्याचा झोत थेट छातीवर येतो. या तीन गोष्टी ज्या गाडीत शिल्लक आहेत, तिला जास्त पैसे देण्यात अर्थ आहे. पण मध्यंतरीच्या काळात, जेव्हा या गाड्या केवळ जुन्या होत्या आणि जपण्याजोग्या ठरल्या नव्हत्या, तेव्हा पुष्कळांनी त्यांत मारुतीचे इंजिन बसवले, गिअर जमिनीवर आणला, बाक काढून बकेट सीट घातल्या, डिकीत सीएनजीची टाकी बसवली. त्या त्या मालकाच्या गरजेपोटी ते योग्यही असेल. अशी गाडी चालवायला सोपी असते हेही मी मान्य करतो. परंतु ती 'रिस्टोर केलेली' म्हणून मूळ गाडीपेक्षा चढ्या भावाने विकली जाते, तेव्हा हिशेब उलटा होतो: काढून टाकलेल्या वस्तूंचेच पैसे खरेदीदाराकडून मागितले जातात. इंजिन परत मिळवता येते. साठच्या दशकातली पुढची जाळी, मागच्या दिव्यांच्या काचा आणि मूळ नावाची अक्षरे मिळवताना मात्र वर्षे जातात. अंग जवळपास सारखेच असल्याने पद्मिनीवर फियाटचा बिल्ला लावणे कठीण नाही, म्हणून बिल्ल्यापेक्षा आरसी बुकातले उत्पादनवर्ष आणि गाडीवर ठोकलेला चॅसिस क्रमांक यांवर विश्वास ठेवावा.

माझ्या गाडीवर छताच्या आतले कापड फाटके आहे आणि डाव्या मडगार्डावर जुना पोचा आहे. दोन्ही मी मुद्दाम तसेच ठेवले. मूळ मालक रुग्णाला पाहायला रात्री-अपरात्री खेड्यात जात असत आणि तो पोचा त्या काळातला आहे, असे त्यांच्या चिरंजीवांनी सांगितले. ते खरे असेल किंवा विक्रीच्या वेळचे कौतुकही असेल, पण नवा रंग चढवून मला त्यापेक्षा जास्त काही मिळाले नसते.

कागदांबद्दल थोडक्यात, पण निक्षून सांगतो. हाताने लिहिलेले मूळ आरसी बुक, त्यावरच्या सर्व मालकांच्या नोंदी, इंजिन आणि चॅसिस क्रमांक यांचा प्रत्यक्षाशी मेळ, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद, आणि मालक दिवंगत असल्यास वारसांच्या संमतीची कागदपत्रे हे सर्व हातात आल्याशिवाय विसार देऊ नये. माझ्या व्यवहारात तीन वारस होते आणि त्यांपैकी एक परदेशात. त्या एका सहीसाठी पाच महिने लागले. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपयांवर गेले आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते आणखी वाढले, त्यामुळे नूतनीकरण रखडलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी दंडासह ती महागच पडते. बाकी, तीन इंग्रजी अक्षरांचा जुना क्रमांक शाबूत असेल तर गाडीला एक वेगळी ऐट येते. व्हिंटेज नोंदणी घेतली तरी आधीपासून नोंदलेल्या गाडीला मूळ क्रमांक ठेवता येतो, एवढी समज नियमकर्त्यांनी दाखवली आहे.

चालवण्याच्या अनुभवाविषयी मतभेद होतील. शहरात ही गाडी हलकी, चपळ आणि चारही बाजूंनी स्वच्छ दिसणारी आहे. तिचे बारीक खांब आणि मोठ्या काचा यांमुळे आजच्या कोणत्याही गाडीपेक्षा तिच्यातून बाहेरचे जास्त दिसते. पन्नास-साठच्या वेगाला ती खूश असते आणि ऐंशीला ती तक्रार करू लागते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पावसाच्या पाण्यातून गेल्यावर पहिल्या एक-दोन वेळा ते एका बाजूला ओढतात, म्हणून समोरच्या वाहनापासून दुप्पट अंतर ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. हँड गिअरच्या दांड्यांमधले बुश (सांध्यांतल्या बारीक कड्या) झिजले की गिअर मधेच अडकतो. मग भर चौकात उतरून, बॉनेट उघडून दांडी हाताने सोडवावी लागते, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवण्याऐवजी मोबाइलवर फोटो काढावेत एवढीच अपेक्षा उरते.

उन्हाळ्यात पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट हीच तिची परीक्षा. पेट्रोलचा पंप इंजिनालाच जोडलेला असल्याने तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला इंधन ओढता येत नाही. उपाय जुनाच आहे: पंपावर ओले फडके टाकून पंधरा मिनिटे थांबणे. फडके आणि पाण्याची बाटली माझ्या गाडीत कायम असते. अलीकडे यात आणखी एक काळजी वाढली आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सगळीकडे आल्यापासून जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा लवकर खराब होऊ शकतो, आणि इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेत असल्याने महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आतून गंजण्याची भीती असते. मी सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवून घेतल्या, टाकी साफ करून घेतली आणि दर आठवड्याला निदान वीस किलोमीटर गाडी फिरवतो.

माझे मत असे की कोरड्या हवेतल्या गावात वाढलेली, पत्र्याने सलग, कागदाने स्वच्छ आणि बाक-गिअर मूळचे असलेली डिलाइट मिळत असेल, तर बंद इंजिनासह ती मागतील त्या किमतीच्या जवळपास घ्यावी. तशीच पद्मिनी असेल, विशेषतः सत्तरच्या दशकातली, तर थोडी घासाघीस करून तीही घ्यावी. त्या गाड्या आता एकेक करून पन्नाशी ओलांडत आहेत आणि सुटे भाग डिलाइटपेक्षा सहज मिळतात. नव्या रंगाची, अलॉय चाकांची, पॉवर स्टिअरिंग बसवलेली गाडी लग्नाच्या वरातीला भाड्याने आणावी, विकत घेऊ नये. ज्यांच्याकडे बंदिस्त पार्किंग नाही, त्यांनी हा विचार पुढे ढकलावा, कारण एका पावसाळ्यात उघड्यावर उभी राहिलेली फियाट दिवाळीपर्यंत कुठून गंजली आहे हे सांगणे पत्रेवाल्यालाही जमत नाही.

माझ्या गाडीच्या मागच्या काचेचे रबर अजून गळते. पुण्याच्या जुन्या बाजारात दर रविवारी मी ते शोधत असतो. मागच्या महिन्यात एकाने 'साहेब, डिट्टो तुमच्याच गाडीचं आहे' असे सांगून एक रबर दिले. घरी आणून पाहिले तेव्हा ते त्याच कंपनीच्या प्रीमियर 118 एनई या वेगळ्या गाडीचे निघाले. ते परत करायला गेलो नाही; त्या गाडीचा कोणी मालक भेटला तर द्यायला म्हणून डिकीत ठेवले आहे.