रुळांवरची छोटी गाडी की टायरवरची?

घरच्या माणसांनी चालवायच्या धंद्यासाठी मुलांना बसवून फिरवणारी गाडी घ्यायची, तर आधी जागा पाहा. जागा कायमची असेल तर रूळ टाकायला हरकत नाही. ७¼ इंची गेजवर (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) मोठी माणसंही व्यवस्थित बसतात. ५ इंची गेजला रूळ बहुधा उंचावर असतात आणि दोन्हीकडे पाय सोडून बसावं लागतं. पण रुळांचा खर्च कधी गाडीलाही मागे टाकतो, हे विकणारा आपणहून सांगत नाही. खडी नीट ठोकलेली नसेल तर जोराच्या पावसानंतर रूळ खचतो आणि वळणावर डबा उतरतो. जुनी गाडी घेताना चाकाची कड बोटाने चाचपा. झिजून धार आली असेल, तर चाकांचा खर्च धरूनच भाव करा.

भाड्याच्या जागेवर मी टायरवरचीच घेईन. मुलांना रूळ जास्त आवडतात, ते खरंच. पण करार संपला की रूळ उखडत बसायचे कोणी? टायरवरच्या गाडीला खाचखळगे नसलेली जमीन मात्र हवी. वळताना मागचे डबे आत ओढले जातात, त्यामुळे कोपऱ्यांवर मोकळी जागा ठेवा आणि मागे एक माणूस उभा करा. बॅटरीवरची असेल तर भरल्या डब्यांनिशी चढावर चालवून बघा.