वरळीत नेहरू दोन: तारांगण बघायचं की विज्ञान केंद्र?

मुलांना घेऊन मुंबई बघायला येणाऱ्यांची पहिली चूक पत्त्यातच होते. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘नेहरू सेंटर’ सांगितलं तर तो ॲनी बेझंट रोडला तारांगणापाशी सोडतो. ‘नेहरू सायन्स सेंटर’ सांगितलं तर ई. मोझेस रोडला. दोन्ही वरळीतच, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तिकीट वेगळं, सुट्ट्या वेगळ्या, आणि एकाच्या शोचं तिकीट घेऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहिलात तर शो हुकलाच म्हणून समजा. भुयारी मेट्रोचं सायन्स सेंटर स्टेशन विज्ञान केंद्रासाठी सोयीचं; तिथून तारांगणाला टॅक्सी करा.

आधी तारांगण. ते ३ मार्च १९७७ रोजी सुरू झालं. घुमटाचा व्यास २३ मीटर आहे. पहिली पंचवीसेक वर्षं इथे झाइस कंपनीचा ‘स्पेसमास्टर’ हा घुमटावर तारे दाखवणारा जुन्या धाटणीचा प्रोजेक्टर होता, २००३पासून ‘डिजिस्टार’ ही डिजिटल यंत्रणा आली. जुन्या प्रकारच्या यंत्रात प्रत्येक तारा भिंगातून किंवा छिद्रातून पडलेला प्रकाशाचा टिपका असतो, बाकी सगळा मिट्ट काळोख. त्यामुळे तारे टोकदार दिसतात, पण आकाश दिसतं ते पृथ्वीवरूनच. डिजिटल यंत्रणा तुम्हाला उचलून शनीच्या कड्यांतून फिरवून आणते. त्याची किंमत मात्र काळ्या रंगात मोजावी लागते: प्रोजेक्टर ‘काळं’ दाखवतानाही थोडा प्रकाश सोडतोच, शिवाय घुमटाच्या एका बाजूचा उजेड समोरच्या बाजूवर सांडतो. म्हणून आकाश किंचित राखाडी वाटतं. खेड्यात अमावास्येचं आकाश पाहिलेल्या माणसाला हे लगेच खटकेल, मुलांना अजिबात नाही.

शो साधारण पाऊण तासाच्या आतबाहेर असतो. मराठी, हिंदी आणि इंग्रजीच्या वेळा वेगवेगळ्या असतात, त्यामुळे आधी भाषा ठरवा, मग वेळ. पाचवीच्या आतल्या मुलाला इंग्रजी शोला बसवलंत तर पंधराव्या मिनिटाला ‘कधी संपणार’ सुरू होतं. अगदी लहान मुलांसाठी वयाची अट असते, ती तिकीट काढण्याआधीच खिडकीवर विचारून घ्या. सोमवारी तारांगण बंद.

उशिरा आलेल्यांना आत सोडत नाहीत, आणि त्यात आडमुठेपणा नाही. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. दार एकदा उघडलं की सगळ्यांची मेहनत वाया जाते. शेजारच्याने मोबाईल काढला तरी तेच.

जागा निवडताना एवढं बघा: खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून असतील तर मागच्या ओळी उत्तम, कारण अर्धा घुमट मान न वळवता दिसतो. गोलाकार असतील तर आधी कर्मचाऱ्याला ‘समोरची’ बाजू कुठली ते विचारा आणि तिच्याकडे तोंड होईल अशी खुर्ची धरा, नाहीतर शोभर मान मुरगळून बसावं लागतं. काहींना चक्कर येते. डोळ्यांना वाटतं आपण भरधाव चाललोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते जागेवरच आहोत. अशा वेळी डोळे अर्धा मिनिट मिटावेत किंवा पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघावं. मिसळ-पाव चापून लगेच घुमटाखाली जाऊ नये, हे ओघानंच आलं.

शो संपला की मुलं वेगवेगळ्या ग्रहांवरचं वजन दाखवणाऱ्या काट्यांवर रांग लावतात. तीस किलोचं पोरगं चंद्रावर पाच किलोचं. गुरूवर पंच्याहत्तर किलोच्या आसपास, आणि त्यावर आईकडे बघून हसू. त्याच नेहरू सेंटरमध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे १४ दालनांचं प्रदर्शनही आहे. आजी-आजोबा बरोबर असतील तर ते चुकवू नका.

आता विज्ञान केंद्र. हे ११ नोव्हेंबर १९८५पासूनचं, आणि कामाची पद्धतच उलटी: तारांगणात बसायचं, इथे उभं राहायचं, दाबायचं, ओढायचं, फिरवायचं. प्रयोग पाचशेहून जास्त. बाहेरच्या विज्ञान उद्यानात जुनं वाफेचं इंजिन, ट्राम आणि ‘मरुत’ लढाऊ विमान आहे. सात वर्षांखालच्या मुलाला घेऊन जायचं असेल तर निर्णय इथेच झाला, तारांगणाचा विचार दोन-तीन वर्षांनी करा. ‘सायन्स ऑन अ स्फिअर’मध्ये चार प्रोजेक्टर मिळून जवळपास पावणेदोन मीटर व्यासाच्या गोळ्यावर पृथ्वीचे ढग, वारे, समुद्राचे प्रवाह दाखवतात, मोठ्यांनाही तिथून हलवत नाही. प्रवेश आणि असे खास शो यांची तिकिटं वेगळी असतात. सगळी खिडकीवर एकदमच घ्या. आत गेल्यावर मन बदललं तर पुन्हा रांग.

तीन तासांखाली इथे येण्यात अर्थ नाही. चप्पल घासणारी नको. पावसाळ्यात उद्यानाचा भाग हातचा जातो. आणि हिवाळ्यात, सहलींच्या मोसमात, सकाळी शाळांच्या बसगाड्या उभ्या दिसल्या की प्रत्येक बटणापाशी वीस हात असतात, हे गृहीत धरा. तेव्हा दुपारनंतर बरं.

एकाच दिवसात दोन्ही जमतं, पण क्रम महत्त्वाचा. शोची वेळ ठरलेली असते, विज्ञान केंद्राचं तसं नाही. म्हणून आधी तारांगणाचा मराठी शो पक्का करा, आणि बाकी दिवस त्याभोवती बसवा. आधी विज्ञान केंद्र केलंत तर शोच्या वेळी मुलं दमलेली असतात आणि अंधारात मऊ खुर्ची मिळाल्यावर झोपतात.

विदर्भातल्यांनी मात्र फक्त यासाठी मुंबई गाठू नये. नागपूरला गांधीसागर तलावाजवळ रामन विज्ञान केंद्र आणि तारांगण एकाच आवारात आहेत, तारांगण १९९७पासूनचं. पुण्यात टिळक रोडच्या न्यू इंग्लिश स्कूलमधलं कुसुमबाई मोतीचंद तारांगण १९५४चं, छिद्रांतून तारे पाडणारं. ते शाळेच्या आवारात असल्यामुळे आधी चौकशी करूनच जा. भव्यता शोधणाऱ्यांसाठी ते नाही, पण ज्याला यंत्र कसं चालतं यात रस आहे अशा मुलाला वरळीपेक्षा तिथे जास्त मिळेल.

शो बघून आल्यावर त्याच रात्री एक करून बघा. उत्तरेकडे तोंड करा, हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून १९ अंशांवर असतो, म्हणजे दोन मुठींना जरा कमी. नागपुरात २१, दोन मुठींना जरा जास्त. अडचण एवढीच की मुंबईत त्या उंचीवर बहुतेक वेळा समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी असते. गच्चीवर जा.