दवाखान्याची बॅग: बाळ रांगायला लागल्यावर लिहिलेला अनुभव

बाळंतपणासाठी बॅग भरतो आपण, पण ती उघडतं दुसरंच कुणीतरी. कळा चालू असताना, हाताला सलाईन लावलेलं असताना किंवा टाके ताजे असताना आपण बॅगेपर्यंत जातच नाही. नवरा, बहीण, आई नाहीतर ड्यूटीवरची सिस्टर मंद उजेडात चेन उघडते आणि विचारते, "कुठे ठेवलंय?" या प्रश्नाचं उत्तर किती पटकन देता येतं, त्यावरच बॅग चांगली भरली आहे की नाही ते ठरतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. बाकी यादी त्यानंतर.

बाळ आता घरभर रांगतंय. त्यामुळे कुठली वस्तू त्या दिवसांपुरती होती, कुठली अजून रोज हातात येते आणि कुठलीची घडीसुद्धा मोडली नाही, हे नीट सांगता येईल. माझ्या कळा आपणहून सुरू झाल्या, बराच वेळ गेला आणि शेवटी सिझेरियन करावं लागलं. म्हणून दोन्हीकडचं थोडं थोडं लिहिते.

बॅग एकच घेतली होती, पण आत तीन वेगळ्या पिशव्या केल्या होत्या: एक लेबर रूमसाठी, एक नंतर मला लागणाऱ्या सामानाची आणि एक बाळाची. बाळाचे कपडे पारदर्शक चेनच्या पाकिटांत भरले होते. एका पाकिटात एक झबलं, एक लंगोट, टोपडं आणि दुपटं, म्हणजे एका वेळेचा पूर्ण जोड. बाळ जन्मल्यावर सिस्टरने कपडे मागितले तेव्हा बहिणीने एक पाकीट उचलून दिलं आणि काम झालं. या एका गोष्टीला मी सगळ्यात जास्त गुण देईन. पाकिटांवर जाड पेनाने नाव लिहिलेलं असलं तर आणखी बरं, कारण वॉर्डात सगळ्यांची दुपटी सारखीच दिसतात.

बॅग कधी भरावी? पस्तिसाव्या-छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत ती दाराजवळ असावी. जगभरात साधारण दहातलं एक बाळ 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आतच जन्मतं आणि डॉक्टरांनी दिलेल्या नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. जुळी असतील किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर याहूनही लवकर भरून ठेवा.

फाइल बाहेरच्या कप्प्यात हवी, कपड्यांच्या तळाशी नको. सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधं, कशाची अॅलर्जी आहे ते, हे सगळं त्यात आलं. रक्तगटाचा रिपोर्ट सगळ्यात वर ठेवा. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह (ओ निगेटिव्ह, ए निगेटिव्ह असा) आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळंतपणातला धोका टाळणारं अँटी-डी इंजेक्शन प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत द्यायचं असतं, म्हणून तो कागद शोधण्यात वेळ जाता कामा नये. यासोबत मी एका कागदावर मोठ्या अक्षरात माझी औषधं, अॅलर्जी आणि फोन नंबर लिहून ठेवले होते. दाखल करून घेताना प्रश्न सोबतच्या माणसालाच विचारले जातात आणि त्या घाईत त्याला काही आठवत नाही.

लेबर रूमच्या पिशवीत फार काही लागत नाही, पण जे लागतं ते फार लागतं. तोंडाने श्वास घेऊन घेऊन ओठ फुटतात, त्यामुळे ओठांना लावायचं मलम हवं. नळी असलेली पाण्याची बाटली हवी, कारण आडवं पडून पाणी पिताना ते अंगावर सांडतं. ती बाटली पुढे दूध पाजताना सतत जवळ राहिली आणि आजही आहे. जाड पायमोजे घ्या. प्रसूती झाल्यावर अंगाला जोरात कापरं भरतं, हे बऱ्याच जणींच्या बाबतीत होतं आणि ते आधी माहीत नसलं की घाबरायला होतं. चार्जरची लांब वायर हवीच, प्लग कधीच पलंगाजवळ नसतो. अंगठ्या आणि नेलपॉलिश मात्र घरीच काढून या. बोटं सुजतात आणि ऑक्सिजन मोजायचा चिमटा नखावरच लावतात.

आता माझ्या पिशवीबद्दल. याद्यांमध्ये बाळाच्या सामानाला पानं दिलेली असतात आणि आईच्या सामानाला चार ओळी, याचं मला खरंच वाईट वाटतं. सिझेरियन झालं तरी नॉर्मलसारखंच अंगावरून जातं, हे मला तिथे भेटलेल्या कितीतरी जणींना ठाऊक नव्हतं. पहिले काही दिवस लाल आणि भरपूर, मग तपकिरी, मग पिवळसर, असं करत चार ते सहा आठवडे ते चालतं. म्हणून सगळ्यात जाड, सगळ्यात लांब पॅड भरपूर घ्या. पातळ पॅड त्या दिवसांत उपयोगाचे नाहीत. टॅम्पॉन आणि मेन्स्ट्रुअल कप तर डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत नाहीच.

चड्ड्या गडद रंगाच्या, सुती, उंच कमरेच्या आणि नेहमीपेक्षा एक-दोन मापं मोठ्या असाव्यात. सिझरचा छेद ओटीपोटाच्या अगदी खाली असतो आणि नेहमीच्या चड्डीचं इलॅस्टिक बरोबर त्याच्यावर बसतं. वापरून टाकायच्या चड्ड्याही मिळतात, त्या मला पहिल्या दोन दिवसांना छान वाटल्या. खाली टाके पडले असतील तर पिळून पाणी सोडता येणारी लहान बाटली घ्या. लघवी करतानाच कोमट पाणी सोडलं की आग कमी होते. माझ्या बहिणीला तिच्या बाळंतपणात याच बाटलीने तारलं होतं.

गाऊन समोरून उघडणारे, सैल. पोट लगेच आत जात नाही, गर्भाशय पूर्ववत व्हायलाच सुमारे सहा आठवडे लागतात, तेव्हा घरी जायचे कपडेही पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या मापाचे ठेवा. चपला सैल हव्यात आणि न घसरणाऱ्या. सलाईनमुळे पाय प्रसूतीनंतर आणखी सुजू शकतात. स्तनपानाच्या ब्रा आधीच अर्धा डझन घेऊ नका. दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उतरतं आणि माप तेव्हाच कळतं. तोवर तार नसलेल्या, ताणल्या जाणाऱ्या एक-दोन पुरतात.

ब्रेस्ट पंप बॅगेतच राहिला. सुरुवातीचा चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, थेंबाथेंबाने येतो आणि तो पंपाच्या नळीलाच चिकटून संपतो. बाळ ओढत नसेल तर सिस्टरकडून हाताने चीक काढून चमच्याने पाजायला शिकून घ्या, त्या दिवसांत त्याचा जास्त उपयोग होतो. घरी आल्यावर काही आठवड्यांनी मात्र पंपाने खूप साथ दिली, त्यामुळे वस्तू वाईट नाही, फक्त तिची वेळ ती नाही. बाळ वेळेआधी जन्मून काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर गोष्ट वेगळी, तिथे पंप लवकर लागतो. दूध पाजायची मोठी गोल उशी आणली, तिने सगळी जागा अडवली. कुशीवर झोपून पाजताना साध्या उशाच कामी आल्या. पुस्तक, हेडफोन वगैरे उघडलेच नाहीत.

बाळाचं सामान सगळ्यात कमी लागलं. पहिला बराच वेळ बाळ नुसतं लंगोट आणि टोपड्यात आईच्या उघड्या छातीवर असतं, वरून दुपटं. त्याची ऊब तिथेच राखली जाते. अंघोळही लगेच नसते. जागतिक आरोग्य संघटना ती 24 तास तरी पुढे ढकलायला सांगते. त्यामुळे साबण, तेल, पावडर यांना तिथे कामच नव्हतं. पावडर तर मी पुढेही कधी वापरली नाही, ती बाळाच्या श्वासात जाते. हातमोजेही फारसे घातले नाहीत, बाळ हात तोंडाशी नेऊनच भूक सांगतं आणि ते मला दिसायला हवं होतं.

झबली समोर बंद बांधायची, डोक्यातून घालायची नकोत. मान सावरायची सवय नसलेल्या माणसालाही ती घालता येतात आणि नाळेच्या देठाला कापड घासत नाही. तो देठ पडायला एक ते तीन आठवडे लागतात, तोवर लंगोट त्याच्या खाली दुमडायचा. नवे कपडे वास नसलेल्या साबणाने धुऊनच पिशवीत भरा. पहिली शी काळी आणि डांबरासारखी चिकट असते, ओला कापूस भरपूर लागतो. टोपडं दवाखान्यात हवं, घरी झोपवताना मात्र काढून ठेवा, कारण बाळ जास्तीची उष्णता डोक्यातूनही बाहेर टाकतं.

इतक्या महिन्यांनंतरही रोज हातात असलेली वस्तू म्हणजे मलमलचे मोठे चौकोनी रुमाल. लाळ पुसायला, खांद्यावर टाकायला, पाजताना आडोसा करायला, उन्हात सावली धरायला. धुऊन धुऊन ते आणखी मऊ झालेत. हे जितके घ्याल तितके कमी.

सोबतच्या माणसाची पिशवी वेगळी भरा, आपल्यात मिसळू नका. एक जोड कपडे, अंगावर घ्यायला काहीतरी, कोरडा खाऊ, त्याची स्वतःची औषधं. तो उपाशी आणि थकलेला असेल तर तुमच्याकडे तरी कसं बघेल?

गाडीने घरी येणार असाल तर बाळाची सीट मागे तोंड करून बसणारी हवी आणि ती आधीच बसवून पाहा. पट्ट्यांच्या आत जाड जाकीट नको, पट्टा सैल राहतो. आधी बांधा, मग वरून दुपटं घाला.

आणि फाइलमध्ये एक कप्पा डिस्चार्जच्या कागदासाठी मोकळा ठेवा. त्यावर धोक्याची लक्षणं लिहिलेली नसतील तर निघण्याआधी विचारून लिहून घ्या. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, ताप, टाक्यांतून पू, एकाच पायाला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा धाप, न थांबणारी डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, यातलं काहीही झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. बाळंतपणानंतर वाढणारा रक्तदाब सहा आठवड्यांपर्यंत कधीही डोकं वर काढू शकतो. हा कागद आम्ही फ्रिजच्या दारावर लावला होता आणि घरातल्या प्रत्येकाला वाचायला लावला होता.