जुन्या वाड्याची बाहेरची भिंत: चुन्याचा गिलावा की सिमेंटचा?

सातारा, वाई, सांगली भागात जुन्या घराची डागडुजी काढली की गवंडी आधी सिमेंटचाच भाव सांगतो, आणि चुन्याचा विषय महाग व वेळखाऊ म्हणून बाजूला पडतो. या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. तरीही गिलाव्याची निवड त्याच्या ताकदीवरून न करता मागची भिंत कशाची आहे हे पाहून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाड्याची भिंत बहुधा खाली काळ्या दगडाची आणि वर पांढऱ्या मातीची किंवा मऊ विटांची असते. पायाशी ओल अडवणारा थर नसल्याने जमिनीतले पाणी भिंतीत चढते आणि बाहेरच्या अंगाने सुकते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ही ओल वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा घट्ट गिलावा तिला आत कोंडतो, मग ती आणखी वर चढते आणि घराच्या आतल्या बाजूने पोपडे धरते. असा गिलावा काढताना मुद्दाम पाहावे: पत्र्यासारखा सलग तुकडा सुटतो, त्याच्या पाठीला विटेची साल चिकटून येते आणि मागून ओलसर लाल भुगा गळतो. गिलावा भिंतीपेक्षा मऊ असला तर झीज गिलाव्याची होते, कडक असला तर भिंतीची.

सांगलीत हा फरक अधिक जाणवतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या आसपास गेले होते. इतके भिजलेली जाड भिंत सुकायला महिनोन्‌महिने लागतात आणि त्या काळात तिला मोकळे राहू देणे हाच खरा उपाय असतो. मात्र पुरात कच्च्या मातीची भिंत खचण्यापासून चुनाही वाचवू शकत नाही, हे लक्षात ठेवावे.

ज्यांचे घर घाटाखाली समुद्राजवळ आहे, त्यांच्यापुढे खाऱ्या वाऱ्याचा प्रश्न आहे. ओल सुकताना मिठाचे स्फटिक तयार होतात; चुन्याच्या गिलाव्यात ते गिलाव्यालाच भुसभुशीत करतात आणि तो थर पुन्हा देता येतो, सिमेंटमागे मात्र जांभा दगडच झिजतो. तिथे नुसता चुना दमट हवेत सावकाश कठीण होतो, म्हणून सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक भुकटी, मिसळणे हिताचे, कारण ती चुन्याला ओलाव्यातही घट्ट होऊ देते. सुरखी पूर्वी आपल्याकडेही सर्रास वापरत.

सिमेंट घेऊ नयेच असे नाही. नवी काँक्रीटची खोली, न्हाणीघर किंवा सिमेंटातच बांधलेली पक्की वीट असेल तर तेच सोयीचे, स्वस्त आणि लवकर होणारे आहे. जुन्या भिंतीवर मात्र चुन्यात मूठभर सिमेंट घालून मजबुती आणण्याचा सल्ला मानू नये. त्याने चुन्याचा गुण कमी होतो आणि सिमेंटची ताकदही पुरती मिळत नाही.

चुन्याची खरी अडचण माल आणि हात यांची आहे. दुकानातली जुनी पोती हवा लागून निकामी झालेली असू शकतात, म्हणून कळीचा चुना, म्हणजे भट्टीत भाजलेले चुन्याचे कोरडे खडे, पाण्यात विरवून, पाण्याखाली मुरवून घेणे चांगले. विरवताना तो उकळून उडतो, तेव्हा डोळे जपावेत आणि मुलांना दूर ठेवावे. एक भाग मुरलेल्या चुन्याला सुमारे तीन भाग स्वच्छ वाळू घेऊन पातळ थर द्यावेत. काम दिवाळीनंतर सुरू करून उन्हाचा तडाखा वाढण्याआधी संपवावे, आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली हळूहळू सुकवावा. वरून प्लास्टिक रंग न देता चुन्याची सफेदीच द्यावी, नाहीतर वाफेची वाट पुन्हा बंद होते.

ठरत नसेल तर मागच्या अंगणाकडील हातभर भिंतीवर आधी चुन्याचा नमुना करून घ्यावा आणि एक पावसाळा जाऊ देऊन मगच दर्शनी भागाचा करार करावा.